वरच्या बाईंचा कॉम्प्युटर

"परत?" काकूंनी दातांत धरलेल्या टाचण्या न काढताच विचारलं.

काका आरशासमोर भांग पाडत होते. डोक्यावर उरलेल्या केसांना डावीकडून उजवीकडे नेण्याचं काम ते हल्ली फार मन लावून करत. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि शर्टाच्या खिशात ती काडी. तिला पेनड्राइव्ह म्हणतात हे काकूंना ठाऊक होतं. पण त्या काडीच म्हणत, कारण त्यांच्या मते घरात काडी लावायचं कामच तिनं केलं होतं.

"परत म्हणजे काय? काम अर्धवट राहिलंय," काका म्हणाले.

"कालही अर्धवटच होतं."

"मशिन जुनं आहे. वेळ लागतो."

"आमचंही मशिन जुनंच आहे की." काकूंनी समोरच्या शिलाई मशिनवर थाप मारली. "पट्टा घसरतोय, पट्टा घसरतोय, सांगून सांगून जीभ झिजली माझी. त्याला कधी वेळ लागणार तुमचा?"

"पट्टा घसरतोय? मग सांगायचं नाही का! उद्या बघतो." काका अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे म्हणाले, चपला पायांत अडकवल्या आणि जिना चढून गेले.

पहिल्यांदाच ऐकल्याचं हे सोंग काकूंना आता पाठ झालं होतं. त्यांनी टाचण्या डबीत टाकल्या, मशिन थांबवलं आणि कान छताला लावले.

घर तळमजल्यावर होतं आणि वरच्या बाईंची पुढची खोली बरोबर शिवणाच्या खोलीच्या डोक्यावर होती. आधी दार वाजलं. मग एक खुर्ची सरकली, जड, एकदाच. ती काकांची. मग दुसरी सरकली, हलकी, दोन-तीन हिसक्यांत, आणि पहिलीच्या जवळ येऊन थांबली. ती बाईंची. दोन खुर्च्यांत किती अंतर उरलं असेल, याचा हिशेब काकू रोज नव्यानं करत आणि रोज ते अंतर त्यांना कमी झाल्यासारखं वाटे. थोड्या वेळानं वर कोणीतरी हसलं. दोन्ही आवाज होते. काकूंनी मशिनच्या पायट्यावर पाय इतक्या जोरात दाबला, की समोरच्या विजारीचा खिसा तोंडाशीच शिवला गेला.

हे प्रकरण सुरू झालं ते एका साध्या चौकशीवरून. वरच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. भूगोल शिकवायच्या. घरात एकट्याच. शाळेनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता, मुलांच्या शिकवणीचे पेपर टाइप करायला. तो चालू व्हायचा आणि चालू होता होताच दमायचा. जिन्यात काकांची गाठ पडली तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतात ना? जरा बघता का?"

साहेब! चाळीसेक वर्षं एक्स्चेंजमध्ये हातात पक्कड आणि काखोटीला वायरचं भेंडोळं घेऊन हिंडलेल्या माणसाला उभ्या जन्मात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. साहेब लोक वेगळे असत, ते काकांना 'अरे' म्हणत. ती हाक ऐकून काका खाली आले ते छाती काढूनच. चहा पिता पिता त्यांनी काकूंना समजावून सांगितलं, की मशिन चांगलं आहे, फक्त त्यात बसवलेली जुनी यंत्रणा जड झाली आहे. ती काढून तिथे लिनक्स बसवायचं. लिनक्स हलकं असतं. म्हाताऱ्या मशिनलाही पेलतं.

"फुकट?" काकूंनी विचारलं.

"लिनक्स फुकटच असतं."

"मी तुमचं विचारतेय."

काका हसले. लांब राहणाऱ्या लेकीनं कुरिअरनं काडी पाठवली. ती वरच्या मशिनला चालली नाही. मशिन फार जुनं निघालं आणि काडीतलं लिनक्स नव्या मशिनचं. लेकीनं दुसरी पाठवली. मग मशिनच्या पोटातला सेल मेलेला सापडला, त्यामुळे ते स्वतःला कुठल्या तरी जुन्याच सालात समजत होतं. काकांनी तो सेल बदलला. तोवर ठीक होतं. नवरा उद्योगाला लागला, खुशीत आहे, म्हणून काकूही खूष होत्या. जेवताना लिनक्सच्या गोष्टी ऐकत होत्या. पुढे मात्र गाडं जे अडलं ते अडलंच. काका रोज दुपारी वर जात, तासा-दीड तासानं खाली येत आणि म्हणत, "आजही फेल. शेवटपर्यंत जातं आणि परत पहिल्यापासून सुरू होतं."

"असं कसं होतं रोज?"

"मशिन जुनं आहे. वेळ लागतो."

आणि इकडे घरात माणसाचं चित्त ठिकाणावर नाही. पांढरा दोरा आणायला पाठवलं तर काका पिशवी हलवत रिकामे परत आले. जेवताना लेकीचा फोन आला होता का म्हणून एकदा विचारलं, काकूंनी नाही म्हणून सांगितलं, आणि ताटावरून उठायच्या आत पुन्हा तेच विचारलं. एकदा शर्ट उलटा घालून बाजारात जाऊन आले. एकदा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले, पातेलं करपून काळं होईपर्यंत. काकू पातेलं घासत असताना एकेक गोष्ट मनात जुळवत गेल्या. शर्ट उलटा, दोरा विसरला, दूध करपलं, नजर कुठेतरी लांब. असा माणूस त्यांनी याआधी एकदाच पाहिला होता. लग्न ठरल्यावर. तेव्हा तो त्यांच्यासाठी तसा झाला होता.

कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते छतातूनच मुरत होतं.

काकूंनी आरशात पाहिलं. पाठ वाकलेली, बोटांना सुईनं पडलेले काळे ठिपके, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. वरच्या बाईंची पाठ अजून ताठ होती, सगळा जन्म फळ्यासमोर उभं राहून गेल्यासारखी. त्यांचे केस छान पिकले होते. काकूंचे नुसतेच पांढरे झाले होते. मत्सर ही काय चीज असते ते काकूंना तरुणपणी कधी कळलं नव्हतं. नवरा असा होता की कोणी मान वळवून बघितलंही नसतं. आता सगळी हौस एकदम भागत होती.

संध्याकाळी काका भाजी आणायला गेले तेव्हा त्यांनी लेकीला फोन लावला.

"मला एक सांग, ते लिनक्स बसवायला किती वेळ लागतो?"

"आई, तुला काय करायचंय लिनक्स?" लेक हसली. ती कुठल्याशा कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असे.

"सांग ना."

"जुनं मशिन असेल तर तासभर धर."

"आणि रोज एक तास, असे दिवसच्या दिवस?"

"म्हणजे?"

काकूंनी सगळं सांगून टाकलं. भांग, इस्त्रीचा शर्ट, खुर्च्या, साहेब. लेक इतकी हसली की काकूंनी फोन कानापासून लांब धरला.

"आई, तू बाबांवर संशय घेतेस? आपल्या बाबांवर?"

"आपल्या बाबांना तू अजून ओळखत नाहीस."

"अगं, अगदी साधं असणार. सगळं नीट बसत असेल, शेवटी मशिन सांगतं की आता पेनड्राइव्ह काढा आणि मग एंटर दाबा. बाबा काढत नसतील. काढला नाही तर मशिन चालू होताना परत पेनड्राइव्हमधूनच चालू होतं आणि बसवायला पहिल्यापासून सुरुवात करतं. त्यांना वाटत असेल फेल झालं. सगळ्यांची होते ही चूक. बाबा आले की त्यांच्याकडे फोन दे."

काका आले. पिशवी ठेवून फोनवर बोलले. काकू भाजी निवडत सगळं ऐकत होत्या. "हो... हो... असं होय! शेवटी काढायचा, मग एंटर. अगं, एवढंच? मी उगाच मशिनला शिव्या देत होतो. कळलं, कळलं. काढायचा, मग एंटर." त्यांनी फोन ठेवला आणि काकूंकडे वळून म्हणाले, "बघ, हुशार आहे हो पोरगी."

त्या रात्री काकूंना छान झोप लागली. उद्या लिनक्स बसलं की जिना बंद.

दुसऱ्या दिवशी काका भांग पाडून वर गेले आणि नेहमीच्याच वेळी खाली आले.

"बसलं?" काकूंनी आनंदानं विचारलं.

"नाही गं. शेवटपर्यंत जातं आणि परत पहिल्यापासून."

काकूंच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. काल लेकीनं फोड करून सांगितलं होतं. यांनी ते आपल्या तोंडानं म्हणून दाखवलं होतं. काढायचा, मग एंटर. म्हणजे उपाय माहीत असून माणूस मुद्दाम काम बिघडवत होता. काम झालं तर वर जायला निमित्त उरणार नाही, म्हणून. आता शंकेला जागाच नव्हती. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी जेवण वाढलं ते आदळून नाही, अगदी हळू, आणि काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

बाईंचे पडदे दुमडायला आलेले होते. काकूंनी ते मुद्दामच मागे ठेवले होते, बसू देत उघड्या खिडक्यांनी. पुढच्या दिवशी सकाळी बसून त्यांनी ते एका दमात पुरे केले. दुपारी काका वर गेले, खुर्च्या सरकल्या, आणि थोड्या वेळानं काकू घडी केलेले पडदे छातीशी धरून जिना चढल्या. रंगेहाथ पकडायचं, दोघांना एकदमच विचारायचं, असा बेत होता. चष्म्याच्या काडीचा दोरा त्यांनी निघण्याआधी बदलून घेतला.

दार उघडंच होतं. खोलीत एक टेबल, भिंतीला जगाचा नकाशा, पुस्तकांनी वाकलेली फळी. टेबलावर कॉम्प्युटरचा तो पिवळट पडलेला पडदा आणि त्याच्या शेजारी डबा, झाकण काढून ठेवलेला. समोर दोन खुर्च्या. अंतर काकूंनी धरलं होतं त्याहून जरा जास्तच होतं, पण त्यानं त्यांचा राग तसूभरही कमी झाला नाही, कारण काकांच्या हाताशी बशीत बिस्किटं होती आणि कप नक्षीचा होता.

"या या," बाई उठल्या. "अगदी वेळेवर आलात. शेवटाला आलंय."

"हो, शेवट बघायलाच आले," काकू म्हणाल्या आणि काकांच्या मागे उभ्या राहिल्या.

काका खुर्चीत ताठ बसले होते. घरी ते असे बसत नसत. "हे बघ," ते काकूंना म्हणाले, "ही पट्टी भरत चालली आहे ना, म्हणजे एकेक वस्तू आत जातेय." पट्टी भरत भरत पूर्ण भरली. मग पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. काकूंना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण ओळीच्या शेवटचं एंटर त्यांनी वाचलं. काढायचा, मग एंटर. आता बघते, त्या मनात म्हणाल्या.

काकांनी ओळी वाचल्या. ओठ हलले. उजवा हात डब्याकडे गेला, जिथे काडी खोचलेली होती. काडीच्या टोकाला एक बारीक निळा दिवा लुकलुकत होता. हात दिव्याजवळ जाऊन थांबला. क्षणभर तिथेच राहिला आणि मग चटका बसल्यासारखा मागे आला. काकांनी एंटर दाबलं.

पडदा काळा झाला, डबा घरघरला आणि पुन्हा तेच पहिलं चित्र आलं, बसवायला सुरुवात करू का म्हणून विचारणारं.

"फेल," काका म्हणाले. "शेवटपर्यंत जातं आणि परत पहिल्यापासून."

काकू तोंड उघडून बोलणार, तेवढ्यात त्यांनी काकांचा चेहरा पाहिला. हा माणूस खोटं बोलला की कानाची पाळी चोळतो. चोरून सिगारेट ओढायचा तेव्हा पाळी लाल व्हायची. आज हात मांडीवर होते. चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. परक्या गावात चुकीच्या ठिकाणी उतरलेल्या माणसासारखे ते पडद्याकडे बघत होते.

"अहो," काकूंचा आवाज त्यांनी ठरवला होता तसा निघाला नाही. "ती काडी काढायची ना आधी? लेकीनं सांगितलं होतं."

"लेकीनं? कधी?"

"परवा. फोनवर. तुम्हीच बोललात."

"परवा कुठे फोन आला होता?" काका हसले. "आणि दिवा चालू असताना पिन उपसत नसतात. आमच्याकडे प्रत्येक लाइनला असा बारीक दिवा असायचा. दिवा चालू म्हणजे कोणीतरी बोलतंय. त्या वेळी पिन ओढली की त्यांचं बोलणं तुटलं. कोणी काय महत्त्वाचं सांगत असेल, आपल्याला काय माहीत? पहिल्या दिवशीच शिकवलं होतं आम्हाला. हो की नाही, बाई?"

"हो, साहेब," बाई म्हणाल्या. "सांगितलंत तुम्ही."

ते इतक्या मऊपणे म्हटलं गेलं की काकूंनी चमकून बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली वळवली.

"मी जरा हात धुऊन येतो," काका उठले, दोन दारांपैकी एकाकडे गेले, थांबले. बाईंनी काही न बोलता दुसऱ्या दाराकडे बोट केलं. सवयीनं. रोजचं असल्यासारखं.

पाण्याचा आवाज सुरू झाला. काकू पडदे छातीशी धरून उभ्याच होत्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल," बाई म्हणाल्या. "एकदा ते हात धुवायला गेले तेव्हा मीच ती काडी काढली. मशिन छान चालू झालं. किती खूष झाले! टाळी दिली मला. दुसऱ्या दिवशी दार वाजलं, बघते तर साहेब. खिशातून काडी काढून म्हणाले, आज नक्की बसवू. मला काय बोलावं कळेना. म्हटलं, बसवू."

"म्हणजे त्या दिवशीही खाली येऊन फेलच म्हणाले. आणि बसवलेलं परत पुसून..."

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"त्यांनी शब्द घेतला होता." बाई खुर्चीच्या पाठीवरचा हात काढत म्हणाल्या. "एक दिवस आपणहूनच म्हणाले, बाई, हल्ली डोक्यात काही राहत नाही माझ्या. घरी बोलू नका. तिला वाटतं मला सगळं येतं."

काकू खुर्चीवर बसल्या. कुठल्या खुर्चीवर बसलो हेही त्यांना कळलं नाही. भीती वाटायला हवी होती, ती मागून आली. आधी आला तो जुनाच जाळ, पहिल्यापेक्षा मोठा. खुर्च्या, कप, बिस्किटं, साहेब, या सगळ्यात त्या ज्याला भीत होत्या तसं काही झालंच नव्हतं, आणि जे झालं होतं ते त्याहून वाईट होतं. त्यांच्या माणसानं आपल्या मनातली सगळ्यात अवघड गोष्ट काढली होती आणि ती या बाईच्या हातात ठेवली होती. बाजूला झोपणारीला कळली नाही, छतावर राहणारीला कळली. पट्टा, दोरा, दूध, उलटा शर्ट, सगळं समोर मांडलेलं होतं. कापड उलटं की सुलटं हे बोटांनी ओळखणाऱ्या काकूंनी ते सगळं उलट्या बाजूनं वाचलं होतं.

"माझ्या आधी तुम्हाला सांगितलं," त्या म्हणाल्या.

"मी परकी होते ना. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं." बाई म्हणाल्या, "पण तुमच्याशी खोटं नाही बोलणार. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. शब्द दिला होता हे खरं, आणि दुपारी कोणीतरी दार वाजवतं याची मलाही सवय लागली होती, हेही खरं."

काकूंना ही बाई या क्षणी सगळ्यात जास्त नकोशी वाटली आणि पहिल्यांदाच खरी वाटली. त्यांनी पडदे टेबलावर ठेवले.

"हे मशिन मला द्या," त्या म्हणाल्या. देता का, असं विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

बाईंनी टेबलाकडे पाहिलं, दोन खुर्च्यांकडे पाहिलं. "न्या," त्या म्हणाल्या. "पेपर मी हातानं लिहीन. अक्षर चांगलं आहे माझं."

काका ओले हात झटकत आले. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"मशिन आपल्या घरी न्यायचं ठरलं," काकू म्हणाल्या. "इथे उजेड कमी पडतो तुम्हाला."

"ते बरं होईल," काका म्हणाले आणि त्यांनी लगेच वायरी सोडवायला घेतल्या. त्यात मात्र त्यांची बोटं एकदाही अडखळली नाहीत.

कॉम्प्युटर कापड बेतायच्या टेबलावर आला. काकूंनी कात्री, खडू, गुंड्यांचे डबे एका बाजूला सारले आणि दुसरी बाजू काकांना दिली. लेकीला सगळं सांगितलं. ती या वेळी हसली नाही. डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, जुनं बराच काळ लक्षात राहील. तसंच होतं. शिलाई मशिनचा पट्टा काकांनी एका सकाळी न सांगता बदलून टाकला, इतका छान की मशिन नव्यासारखं धावायला लागलं.

पण दुपार झाली की काका आरशासमोर उभे राहत. भांग पाडत, इस्त्रीचा शर्ट चढवत, काडी खिशात ठेवत, चपला अडकवत आणि दाराकडे निघत.

"अहो, इकडे," काकू म्हणत.

काका थांबत, वळत. टेबल पाहून चेहरा उजळे. चपला काढून येत आणि खुर्ची ओढून काकूंच्या मशिनशेजारी बसत. एकदा, जड. काकू आपलं स्टूल हलकेच त्यांच्याकडे सरकवत. वर छतात त्या वेळी एकच खुर्ची सरके, हलकी, आणि लगेच थांबे. पहिले काही दिवस काकूंना ते ऐकून बरं वाटलं. हे त्यांनी कोणापाशी कबूल केलं नाही, पण वाटलं. रोज भांग पाडून त्यांच्याकडेच येणारा माणूस त्यांना तरुणपणीसुद्धा मिळाला नव्हता. तो आपल्याकडे येतो की नुसता टेबलाकडे, हे काकू स्वतःला विचारत नसत.

मग एका दुपारी दारात बाई आल्या. हातात घडी केलेला एक पडदा होता.

काकांनी मान वर केली. क्षणभर पाहिलं. मग आदबीनं उठून उभे राहिले. "या ना, या. काय शिवायचंय?" त्यांनी विचारलं.

बाईंचा हात पडद्यावर घट्ट झाला. काकूंनी मशिन थांबवलं. इतके दिवस काकूंनी हेच मागितलं होतं. ही बाई यांच्या डोक्यातून जावी, नाव नको, आठवण नको. गेली होती. साहेब म्हणणारी, नक्षीचा कप देणारी, शब्द पाळणारी, सगळी गेली होती. काकूंना वाटलं होतं, असं झालं की जीव भांड्यात पडेल. त्याऐवजी विसरल्या जाणाऱ्यांच्या रांगेत बाईंच्या मागे कोण उभं आहे ते त्यांना लख्ख दिसलं.

"पडदा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता. "जरा लांब झालाय."

पडदा लांब झालेला नव्हता. काकूंनी तो स्वतः मापून दुमडला होता.

"ठेवा," काकू म्हणाल्या. "आणि बसा. लगेच करून देते." त्या उठल्या, आतून खुर्ची आणली आणि काकांच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. मग सगळ्यांना चहा टाकला.

काका खूष झाले. गिऱ्हाइकाला काहीतरी दाखवायला मिळालं होतं. "हे लिनक्स," ते बाईंना म्हणाले. "तुम्हाला माहीत नसेल. फार हलकं असतं. म्हाताऱ्या मशिनलाही पेलतं."

"हो का?" बाई म्हणाल्या. "मला नव्हतं माहीत."

पट्टी भरत गेली. पडद्याची शिवण उसवायचं सोंग करत काकू बघत होत्या. पट्टी पूर्ण भरली, त्या दोन ओळी आल्या. काकांचा हात काडीकडे गेला. निळा दिवा लुकलुकत होता. हात थांबला. दिव्यापासून काकूंचा हातही लांब नव्हता. एका चिमटीचं काम होतं. बाईंनी काकूंकडे पाहिलं.

"अहो, कोणी बोलतंय का अजून?" काकूंनी विचारलं.

काका वाकले, कान जरा पुढे केला. "बोलताहेत," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग राहू द्या," काकू म्हणाल्या. "बोलू दे त्यांना."

काकांनी हात मागे घेतला आणि एंटर दाबलं. काकूंनी नीटच असलेल्या पडद्याच्या कडेवर पुन्हा एक टीप घालायला घेतली.